ग्विलिमच्या छातीचा दुसरा फोटो

रविवारी सकाळी इद्वल प्रॉसर चॅपलमध्ये आपल्या नेहमीच्या बाकावर बसला, तशी त्या बाकावरची माणसं एकेक करून उठली आणि मागे जाऊन बसली. पाववाल्या डेव्हिसची बायको उठताना जराशी घुटमळली, पण नवऱ्यानं कोपराला धरून तिला नेलं. पुढची सगळी प्रार्थना इद्वलनं त्या लांबलचक रिकाम्या बाकावर एकट्यानं काढली. मान वर करायची त्याची छाती झाली नाही. आपल्यामागे सगळं पेंट्रेवेन बसलंय आणि आपली पाठ न्याहाळतंय, एवढंच त्याला कळत होतं.

वेल्समधल्या या खाणीच्या गावात, पेंट्रेवेनमध्ये, माणसाला त्याच्या कामावरून नाव पडायचं. एका आडनावाची पन्नास माणसं, दुसरा इलाजच नव्हता. इद्वलला सगळे ‘काळोख्या’ म्हणायचे. टेकडीवरच्या हॉस्पिटलात एक्स-रेच्या फिल्मा धुवायचं काम तो करायचा, अंधाऱ्या खोलीत, मिणमिणत्या तांबड्या दिव्याखाली. नाव प्रेमानंच पडलं होतं. ते हॉस्पिटल खाणकामगारांनी दर आठवड्याच्या पगारातून पैसे काढून उभं केलेलं, आणि इद्वल त्यांच्यातलाच. चौदाव्या वर्षी तो खाणीत उतरला, ग्विलिम बेननच्या जोडीनं कोळसा फोडला. मग एके दिवशी छत कोसळलं आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली दगडात सापडला. ग्विलिमनं नुसत्या हातांनी उकरून त्याला बाहेर काढलं. पाय राहिला, पण लंगडा. खालचं काम संपलं, हॉस्पिटलातलं हलकं काम मिळालं. पुढं ग्विलिमनं इद्वलच्या धाकट्या बहिणीशी, केनवेनशी, लग्न केलं. दोघांत जोडीदारीही होती आणि सोयरीकही.

हे सगळं ऑगस्टपर्यंत ठीक होतं. ऑगस्टमध्ये मॅन्सेल हॉपकिन मेला.

मॅन्सेलला धाप लागायची. गावात निम्म्या माणसांना लागायची, कारण दगडाची नि कोळशाची धूळ छातीत साचायची. धूळ आहे असं सरकारी बोर्डानं मान्य केलं की माणसाला भरपाई मिळे, खाणीतून वर येता येई. पण बोर्ड आधी हॉस्पिटलातली फिल्म बघायचं. फिल्ममध्ये काही नसलं तर माणसाला बोलावायचंही नाही. मॅन्सेलची फिल्म मार्चमध्ये काढली होती. बोर्डानं कळवलं, छाती स्वच्छ आहे. मॅन्सेल परत खाणीत गेला आणि पाच महिन्यांत मेला. मेल्यावर कार्डिफला छाती उघडली, तर दोन्ही फुफ्फुसं धुळीनं दगडासारखी झालेली.

मग गावाला आठवायला लागलं. यंदा बोर्डानं किती जणांना ‘स्वच्छ’ म्हणून परत पाठवलं? मागच्या वर्षी तर असं नव्हतं. आणि त्या सगळ्या फिल्मा कुणाच्या हातून गेल्या?

परत पाठवलेल्यांत ग्विलिमही होता. जिना चढताना चार वेळा थांबणारा, रात्री आडवं न होता खुर्चीत बसून झोपणारा ग्विलिम. बोर्डाचा निकाल आल्यापासून तो इद्वलशी बोलला नव्हता.

सोमवारी सकाळी इद्वल कामाला निघाला तर हॉस्पिटलच्या फाटकाशी युनियनचा सेक्रेटरी हायडन रीस उभा. ठेंगणा, रुंद, टोपी कपाळावर ओढलेली.

“काय काळोख्या,” हायडन म्हणाला, “आज कुणाकुणाला स्वच्छ करणार?”

“सरळ बोल, हायडन.”

“सरळच बोलतोय. मॅन्सेलची छाती कापली तर सुरी चालेना, आणि तुझ्या फिल्ममध्ये एक ठिपका नाही. हे कसं?”

“मी फोटो काढत नाही, वाचत नाही. मी फिल्म धुतो.”

“धुतोसच की! इतकी धुतोस, इतकी धुतोस, की धूळच निघून जाते.”

फाटकाशी थांबलेली दोन-चार माणसं हसली. त्या हसण्यात गंमत नव्हती.

“शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये सभा आहे,” हायडन म्हणाला. “येऊन काय ते सांग. नाही आलास तर आम्ही आमचं समजू.”

इद्वल आत गेला. त्यानं कोट खुंटीला लावला. राग होताच, पण रागापेक्षा वाईट एक गोष्ट त्याच्या मनात ऑगस्टपासून घर करून बसली होती. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. मॅन्सेलची फिल्म त्याला आठवत होती. सुरेख काळी, मखमलीसारखी. त्यानं ती टाकीतून काढून स्वतःवर खूश होऊन बघितली होती.

एक्स-रे काढायच्या मिस पॅरी. वेल्सच्या उत्तरेकडच्या, त्यांची वेल्श ऐकून गाव तोंडावर हात धरून हसायचं. शिकलेल्या, कडक, वेळेच्या पक्क्या. त्या दिवशी दुपारी पेशंट संपल्यावर त्या अंधाऱ्या खोलीच्या दारात आल्या.

“मिस्टर प्रॉसर, फाटकाशी काय झालं ते मी ऐकलं.”

“ऐकलंत ना? मग आता तुम्हीही दुसऱ्या बाकावर बसा.”

“उगाच बोलू नका. मी तुम्हाला एक विचारते. आपण लबाडी केली नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण आपलं काम बरोबर होतंय, हे ठाऊक आहे का?”

इद्वलला ते लागलं. “पंधरा वर्षं धुतोय मी.”

“मी अकरा वर्षं काढतेय. त्यानं काही सिद्ध होत नाही. फेब्रुवारीत नवी फिल्म आली, आठवतं? कमी किरणांत जास्त काळी होणारी. तिच्याबरोबर कागद आला होता, किरण किती कमी करायचे त्याचा. मी तेवढंच कमी केलं, भिंतीवरचा तक्ता बदलला, संपलं. पण तो कागद लिहिणाऱ्यानं आपलं मशीन कुठं बघितलंय? आपल्या टाकीतलं औषध कुठं बघितलंय? इथं, आपल्या हातात, ती फिल्म किती काळी होते हे कुणी मोजलंच नाही. मीही नाही.”

“आणि मोजून जर आपणच चुकलेले निघालो तर?”

मिस पॅरी म्हणाल्या, “तर ते हायडन रीसनं शोधून काढण्याआधी आपल्याला कळलेलं बरं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोजलं. मिस पॅरींनी तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा एक जिना आणला होता, एका टोकाला पातळ नि पायरीपायरीनं जाड होत जाणारा. तो फिल्मच्या डब्यावर ठेवला, भिंतीवरच्या तक्त्यात माणसाच्या छातीला लिहिले होते तेवढेच किरण सोडले. पातळ पायरीखाली जास्त किरण पोचणार, जाड पायरीखाली कमी. इद्वलनं ती फिल्म रोजच्या टाकीत, रोजच्याइतकाच वेळ धुतली. सुकल्यावर तिच्यावर पट्ट्या दिसल्या, एका टोकाला काळ्या आणि हळूहळू फिकट होत पांढऱ्या झालेल्या.

कार्डिफच्या तंत्रशाळेतून मिस पॅरींनी एक छोटं यंत्र मागून आणलं होतं. फिल्मच्या आरपार किती उजेड जातो ते काट्यावर दिसायचं. इद्वल एकेका पट्टीवर ते ठेवून आकडा वाचायचा, आणि मिस पॅरी चौकटीच्या कागदावर ठिपका मांडायच्या. शेवटी त्यांनी ठिपके जोडले. रेघ खाली सपाट निघाली, मग चढत गेली, आणि वर जाऊन पुन्हा सपाट झाली.

“टेकडीच आहे की ही,” इद्वल म्हणाला.

“टेकडीच समजा. चढावर दोन माणसं उभी असली तर कोण वर, कोण खाली, लांबून कळतं. पण माथ्यावर, सपाटीला, सगळी एकाच उंचीची. या चढावर किरणांत थोडा फरक पडला तरी फिल्ममध्ये दिसतो. वरच्या सपाटीवर कितीही फरक पडला तरी सगळं काळंच.”

“आणि छातीचा काळा भाग? फुफ्फुसाचा? तो कुठं येतो?”

मिस पॅरींनी ग्विलिमची जुनी फिल्म काढली. बोर्डाकडून परत आलेली. यंत्राखाली धरली, काटा बघितला, आणि कागदावर बोट ठेवलं. वर, सपाटीवर.

इद्वल कागदावर वाकला.

“म्हणजे धूळ असली तरी…”

“असली काय, नसली काय, दिसणारच नाही.”

“फेब्रुवारीपासून?”

“फेब्रुवारीपासून.”

इद्वल स्टुलावर बसला. त्याच्या डोळ्यांपुढून माणसं जायला लागली. मॅन्सेल. हार्मोनियम वाजवणारा लेन पू. दोघे जुळे भाऊ. आणि त्याचा स्वतःचा मेव्हणा. त्या सगळ्यांच्या फिल्मा त्यानं टाकीतून वर काढताना मनात म्हटलं होतं, वा!

हॉस्पिटलच्या डॉक्टर लॅम्बर्टना दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. डॉक्टर भला माणूस, गावात तीस वर्षं काढलेला, कुणाच्याही दारी पावसापाण्यात जाणारा. त्यांनी तो कागद दोनदा फिरवून बघितला. मग खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

“मला त्या फिल्मा आवडायच्या,” ते म्हणाले. “मीच तुम्हाला म्हणालो होतो, प्रॉसर, अशाच काढत जा.”

“होय, डॉक्टर.”

“हे हॉस्पिटलच्या कमिटीपुढं ठेवावं लागेल. कमिटी महिनाअखेरीला बसते. तोवर बाहेर एक शब्द नको. आणि समजा नव्यानं फोटो काढले, तरी त्यांत धूळ निघेलच असं नाही. उगाच लोकांना आशा लावायची…”

“आशा?” मिस पॅरी म्हणाल्या.

डॉक्टर वळले. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मला शुक्रवारपर्यंत विचार करू द्या,” ते म्हणाले.

शुक्रवार आला. डॉक्टर काही बोलले नाहीत. इद्वलच्या घराच्या दारावर कुणीतरी मूठभर ओला कोळशाचा भुगा फासून गेलं होतं. तो त्यानं पुसला, हात धुतले आणि सरळ बहिणीच्या घराची वाट धरली. तोंड बंद ठेव म्हणून त्याला सांगितलं होतं खरं. पण ग्विलिमला अजून महिनाभर तसंच बसू द्यायचं हे त्याच्यानं होईना.

दार केनवेननं उघडलं. हाताला पीठ होतं.

“तू का आलास?”

“ग्विलिमशी बोलायचंय.”

“तो तुझ्याशी बोलत नाही.”

“मग ऐकू दे नुसतं.”

ग्विलिम चुलीपाशी खुर्चीत बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून. श्वास घ्यायची त्याची ती बैठक झाली होती. इद्वल दाराशीच उभा राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

“ग्विल, उद्या दुपारी हॉस्पिटलला ये. पुन्हा फोटो काढू.”

ग्विलिमनं निखाऱ्यांवरची नजर हलवली नाही. “का? पहिला आवडला नाही तुला?”

“पहिला जास्त काळा झाला होता. त्या काळ्यात काही असतं तरी दिसलं नसतं.”

“कोण म्हणतं?”

“आम्ही मोजलंय.”

“अहाहा! मोजलंय!” ग्विलिम हसला आणि हसण्याचा खोकला झाला. तो संपेपर्यंत सगळे थांबले. “खाणीतही मोजायचे की. कोळसा आम्ही फोडायचा, वजन ते करायचे. कधी आमच्या बाजूला भरलं का रे? तूही तिकडचाच झालास, इद्वल. पाय मोडला तेव्हाच झालास.”

“असं बोलू नकोस.”

“मग कसं बोलू? तुला उकरून काढलं तेव्हा माझी नखं गेली होती. त्याच्या बदल्यात तू मला ‘स्वच्छ’ करून पाठवलंस!”

“गप्प बसा दोघंही,” केनवेन म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “ग्विल, तू उद्या जाणार. जाणार म्हणजे जाणार. रात्रभर तुझ्या छातीची शिटी मी ऐकते, बोर्ड नाही ऐकत. आणि इद्वल, तू ऐक. उद्याही जर ‘स्वच्छ’ निघालं, तर या घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही. बहीण मेली म्हणून समज.”

“ठीक आहे,” इद्वल म्हणाला.

“एक अट आहे,” ग्विलिम म्हणाला. “फोटो काढल्यावर मी तुझ्याबरोबर आत येणार. त्या तुझ्या बिळात. तू तिथं काय करतोस ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.”

शनिवारी दुपारी हॉस्पिटलचा तो भाग बंद असे. मिस पॅरींनी किल्ली आणली. त्या रेघेवर मागे येऊन त्यांनी किरण किती द्यायचे ते पुन्हा ठरवलं होतं, म्हणजे फुफ्फुसाचा भाग चढाच्या मध्यावर पडावा. ग्विलिमला उघड्या छातीनं डब्यापुढं उभं केलं. खांद्यांवर, पाठीवर कोळशाचे निळे वण. “श्वास घ्या आणि धरा,” मिस पॅरी म्हणाल्या. पहिल्यांदा त्याला धरता आला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटले, ओठ आवळले, आणि मशीन गुणगुणलं.

केनवेन बाहेर बाकावर बसली, मांडीवर पिशवी घट्ट धरून. इद्वल डबा घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरला, त्याच्या मागोमाग ग्विलिम. दार लागलं.

अंधाराला दोघंही घाबरणारे नव्हते. तांबडा दिवा असा होता की नुसते हात दिसावेत.

“वास कसला रे हा?” ग्विलिमनं विचारलं.

“औषधांचा.”

“खाणीपेक्षा वाईट.”

“होईल सवय.”

इद्वलनं डबा उघडला, फिल्म चौकटीत अडकवली आणि टाकीत सोडली. घड्याळ लावलं. आता काही मिनिटं नुसतं थांबायचं, मधून मधून चौकट हलवायची. ग्विलिम अगदी खांद्याला खांदा लावून उभा होता, त्याच्या हातांवर नजर ठेवून. इद्वलच्या कानात तो श्वास जायला लागला. आत जाताना बारीक शिटी, बाहेर येताना खरखर, मग एक पोकळी, आणि पुन्हा शिटी. छत कोसळलं होतं त्या दिवशी असाच अंधार होता, असाच हा माणूस शेजारी होता, आणि तेव्हा त्याचा श्वास बैलासारखा दांडगा होता. उकरता उकरता तो सारखा बोलत होता, शिव्या देत होता, इद्वलला झोपू देत नव्हता.

फिल्म स्वच्छ निघाली तर गाव गेलं, बहीण गेली. नाही निघाली तर… देवाकडे काय मागावं तेच त्याला कळेना.

घड्याळ वाजलं. त्यानं चौकट वर काढली, पाण्यातून फिरवली, दुसऱ्या टाकीत बुडवली.

“झालं?”

“जरा थांब. उजेड लगेच लावला तर नासेल.”

“लावू नकोस मग. लागू देत पंधरा वर्षं, मला नाही घाई.”

“माझी थट्टा करतोस का रे?”

“नाही,” ग्विलिम म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. “भीती वाटतेय म्हणून बोलतोय.”

इद्वलनं दिवा लावला. ओली, ठिबकणारी फिल्म त्यानं आतून उजळलेल्या काचेच्या पेटीपुढं धरली. दोघं वाकले.

बरगड्या होत्या, हृदयाची सावली होती. आणि दोन्ही फुफ्फुसांवर, वरपासून खालपर्यंत, हिमवादळ सुटावं तसे पांढरे बारीक ठिपके. वरच्या बाजूला तर ते एकमेकांत मिसळून गोळे झालेले.

“हे पांढरं पांढरं काय?”

“तेच.”

“धूळ?”

“धूळ.”

ग्विलिमनं इद्वलच्या पाठीत अशी थाप मारली की फिल्म हातातून निसटता निसटता राहिली. “आहे! आहे की रे! लेका, आहे!” तो दार ढकलून बाहेर धावला. “केन! केन, आहे गं! भरलीय नुसती! मी खोटं बोलत नव्हतो! आता म्हणू दे बोर्डाला ‘स्वच्छ’!”

केनवेन ताडकन उठली. “आहे? खरंच आहे?” तिचं तोंड फुललं, पिशवी खाली पडली, सफरचंदं फरशीवर घरंगळली. तिनं नवऱ्याचे दोन्ही हात धरले. मग दारात उभ्या असलेल्या भावाकडे तिची नजर गेली. इद्वल फिल्म धरून उभा होता, आणि हसत नव्हता.

तिचे हात तसेच राहिले. हसू मात्र हळूहळू विरत गेलं.

ग्विलिम अजून बोलत होता, धापा टाकत. मग तोही थांबला. वळून त्यानं ती फिल्म इद्वलच्या हातातून घेतली, खिडकीकडे धरली आणि या वेळी नीट बघितली.

“सगळीकडेच आहे की रे,” तो हळूच म्हणाला. “वरपण.”

मिस पॅरी खाली वाकून सफरचंदं गोळा करायला लागल्या.

“चला,” थोड्या वेळानं ग्विलिम म्हणाला. “सभेला उशीर होईल.”

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. धूर आणि ओल्या कोटांचा वास. व्यासपीठावर हायडन रीस. आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर, टोपी हातात घेऊन, डॉक्टर लॅम्बर्ट. मिस पॅरींनी त्यांना फोनवर फिल्मचं सांगितलं होतं. ते कमिटीची वाट न बघता आले होते.

डॉक्टर उठले, पण त्यांच्या तोंडून दोन वाक्यं बाहेर पडतायत तोवर मागून आरडाओरडा सुरू झाला. “काळोख्या बोलू दे! तो कुठंय?”

इद्वल लंगडत वर गेला. त्यानं ग्विलिमच्या दोन्ही फिल्मा दिव्यापुढं धरल्या. आधी मार्चमधली, मग आजची. मागच्या रांगांतून माणसं बाकांवर चढून बघायला लागली. काही जण शिवी हासडून गप्प झाले.

“छाती एकाच माणसाची,” इद्वल म्हणाला. “पहिली फिल्म इतकी काळी की धूळ त्यात बुडाली. फेब्रुवारीपासूनच्या सगळ्याच तशा आहेत. मुद्दाम कुणी केलं नाही. पण मोजायचं ते आम्ही मोजलं नाही. सगळ्यांचे पुन्हा काढावे लागतील.”

पुढच्या रांगेतून मॅन्सेल हॉपकिनचा थोरला मुलगा उठला. कोवळं पोर नव्हे, तिशीचा गडी, बापासारखाच खाणीतला.

“म्हणजे माझा बाप तुम्ही मोजायचे विसरलात म्हणून मेला?”

“तुझा बाप धुळीनं मेला,” इद्वल म्हणाला. “पण आपल्याला धूळ झालीय हे त्याला मार्चमध्ये कळायला हवं होतं. ते आमच्यामुळं कळलं नाही.”

त्यानं आपली खुर्ची लाथेनं उडवली आणि तो व्यासपीठाकडे निघाला. हायडन उठला. दोघातिघांनी हात पुढं केले. तेवढ्यात ग्विलिम व्यासपीठाच्या पायऱ्या चढायला लागला. एक पायरी चढला, थांबला. दुसरी चढला, कठड्याला धरून थांबला. त्याच्या छातीची शिटी मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होती. मॅन्सेलचा मुलगा जागच्या जागी उभा राहिला. अख्खा हॉल एका माणसाच्या श्वासाची वाट बघत होता.

ग्विलिम वर पोचला, इद्वलच्या बाजूला उभा राहिला आणि बराच वेळ त्याला बोलताच येईना.

“मी आत जाऊन बघून आलोय,” तो शेवटी म्हणाला. “हा धूळ धूत नाही. माझा मेव्हणा आहे. ठोंब्या आहे. पण लबाड नाही.” पुन्हा श्वास. “सोमवारपासून रांग लावा. आणि सकाळी अंघोळ करून या, तिथं आधीच वास फार आहे.”

कुणीतरी मागे हसलं. मग आणखी कुणी. मॅन्सेलचा मुलगा हसला नाही. त्यानं टोपी घातली आणि तो गर्दीतून वाट काढत निघून गेला.

पुढचे कित्येक आठवडे टेकडीवर रांगा लागल्या. फेब्रुवारीनंतरच्या एकूणएक माणसाचा फोटो पुन्हा काढला. कुणाच्या छातीत धूळ निघाली, कुणाच्या नाही. लेन पूच्या दोन्ही वेळा निघाली नाही, तर तो इतका भडकला की तिसऱ्यांदा काढा म्हणून अडून बसला. बायकोनं मात्र त्याच दिवशी मनुकांचा पाव भाजून सगळ्या आळीत वाटला. कमिटीनं परवानगीवाचून हॉस्पिटल उघडलं म्हणून मिस पॅरींना आणि इद्वलला समज दिली. डॉक्टर लॅम्बर्टनी त्या समजेच्या खाली स्वतःचंही नाव घालायला लावलं. दर सोमवारी पहिल्या पेशंटच्या आधी ॲल्युमिनियमच्या जिन्याची एक फिल्म काढायची असा नियम मिस पॅरींनी केला. त्या बदली होऊन गेल्यावरही इद्वलनं तो कधी मोडला नाही.

चॅपलमध्ये लोक पुन्हा त्याच्या बाकावर बसायला लागले. सगळे नाही. हॉपकिनच्या घरचं कुणी त्याच्याशी उभ्या जन्मात बोललं नाही, आणि त्यांनी बोलावं असं त्यानंही कधी म्हटलं नाही.

ग्विलिमला बोर्डानं बोलावलं, आणि या वेळी काही घासाघीस न करता मान्य केलं. इतक्या लवकर मान्य झालं यातच काय ते केनवेनला कळलं. त्याचं खाली जाणं थांबलं. परसातल्या तुकड्यात त्यानं लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची लांब पांढऱ्या दांड्याची भाजी, लावायचं मनावर घेतलं, आणि खणायला इद्वलला जुंपलं. संध्याकाळी कामावरून आला की लंगडा इद्वल फावडं चालवायचा, आणि ग्विलिम घोंगडी पांघरून खुर्चीवरून हुकूम सोडायचा.

“खोल खण, खोल. लीकला अंधार लागतो. जेवढं मातीत तेवढं पांढरं.”

“मग तूच ये ना खणायला.”

“मी बोर्डानं मान्य केलेला माणूस आहे. मला काम सांगायचं नाही.”

“मेल्या, तोंडाला मात्र धूळ लागली नाही तुझ्या.”

केनवेन स्वयंपाकघराच्या दारातून दोघांवर ओरडायची, चहा गार होतोय म्हणून. पहिल्या वर्षीच्या गावच्या भाजी-प्रदर्शनात ग्विलिमच्या लीकना तिसरं बक्षीस मिळालं. परीक्षकाला डोळे नाहीत असं तो महिनाभर सांगत होता. दुसऱ्या वर्षी तो प्रदर्शनापर्यंत चालत जाऊ शकला नाही, तर इद्वलनं पाववाल्या डेव्हिसची हातगाडी मागून आणली आणि त्याला तिच्यात बसवून नेलं, मांडीवर लीकची जुडी, अंगावर रविवारचा कोट. चढावर हायडन रीसनं मागून हात लावला.

त्याच हिवाळ्यात, ख्रिसमस होऊन गेल्यावर, ग्विलिम खुर्चीत बसल्या बसल्या गेला. केनवेननं वरची खोली भावाला दिली. वसंत आला तसं इद्वलनं परसात पुन्हा खणायला घेतलं, आणि ती खिडकीतून ओरडली, “अजून खोल!”